टॅक्सी चालवणारा संगीतकार : फिलिप ग्लास यांची १९६७ ते १९७८ ही अकरा वर्षं

फिलिप ग्लास या अमेरिकी संगीतकाराचं पोट निव्वळ संगीतावर भरू लागलं तेव्हा त्यांचं वय होतं ४१. शिकागो विद्यापीठाची पदवी हातात पडली होती १९व्या वर्षी. मधल्या बावीस वर्षांपैकी शेवटची अकरा, म्हणजे १९६७ ते १९७८, हा या प्रकरणाचा विषय. या काळात त्यांनी लोकांचं घरसामान हलवलं, नळजोडणी केली, एका शिल्पकाराच्या हाताखाली काम केलं आणि न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी चालवली. ग्लास यांच्यावरच्या बहुतेक लेखांत ही यादी येते आणि 'बघा, किती कष्ट उपसले' असं म्हणून लेख पुढे सरकतो. कष्ट तर पुष्कळांनी उपसले. ग्लास यांनी ही कामं कोणत्या हिशेबाने निवडली आणि त्यांतून मिळालेल्या मोकळिकीचं काय केलं, हे मला जास्त शिकण्यासारखं वाटतं. कला शाखेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसाने हे प्रकरण त्या अंगाने वाचावं.

कागदावरची यशस्वी वर्षं

सुरुवात गरिबीची नव्हती आणि अपयशाचीही नव्हती. हे आधीच सांगायला हवं, कारण 'उपेक्षित कलावंत' या चौकटीत हे प्रकरण बसत नाही. वडिलांचं बाल्टिमोरमध्ये रेकॉर्डचं दुकान होतं. ज्या रेकॉर्ड खपत नसत त्या ते घरी आणून ऐकायचे, लोकांना यात नावडतं काय ते कळावं म्हणून. आणि ऐकता ऐकता त्यातलं आधुनिक संगीत त्यांनाच आवडू लागलं. पोरवयात ग्लास त्या दुकानात काम करत. गिऱ्हाईक पैसे देतं आणि संगीत घेऊन जातं, हा व्यवहार त्यांनी रोज पाहिला. कलेचे पैसे मागताना पुढे त्यांना कधी संकोच वाटला नाही, त्याचं मूळ ते स्वतः या दुकानातच शोधतात. कला महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात हा धडा नसतो, एवढंच इथे नोंदवतो.

शिकागोत गणित आणि तत्त्वज्ञान शिकून झाल्यावर त्यांना न्यूयॉर्कला जुलियार्डमध्ये संगीत शिकायचं होतं. आईचा विरोध होता. गावोगाव हिंडत हॉटेलांत आयुष्य काढणाऱ्या वादक नातेवाइकाचं उदाहरण तिने पुढे केलं. ग्लास यांनी पोलाद कारखान्यात काम करून पैसे साठवले आणि ते गेलेच. जुलियार्डनंतर फोर्ड फाउंडेशनच्या योजनेतून पिट्सबर्गच्या सरकारी शाळांसाठी दोन वर्षं संगीत लिहिण्याचं काम मिळालं. त्या काळातल्या अनेक रचना छापूनही आल्या. १९६४ साली फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला नादिया बूलांजे यांच्याकडे शिकायला गेले. वय २७, नावावर छापील रचना, पाठीशी दोन नामांकित संस्था. पुढची पायरी म्हणजे एखाद्या विद्यापीठातली नोकरी. त्या पिढीचे बहुतेक अमेरिकी संगीतकार त्याच वाटेने गेले.

ती वाट पॅरिसमध्ये सुटली, आणि तिथे दोन गोष्टी घडल्या. बूलांजेबाईंनी या छापील संगीतकाराला स्वरसंवादाच्या अगदी पहिल्या धड्यापासून पुन्हा शिकायला बसवलं. दुसरी गोष्ट मराठी वाचकाला जवळची वाटेल. पंडित रविशंकर एका चित्रपटाचं संगीत ध्वनिमुद्रित करायला पॅरिसला आले होते. त्यांचं संगीत फ्रेंच वादकांना वाचता यावं म्हणून पाश्चात्त्य स्वरलेखनात उतरवायचं काम ग्लास यांच्याकडे आलं. त्यांनी मात्रांचे गट पाडायला घातलेल्या उभ्या रेघांमुळे आघात नको तिथे पडू लागले, आणि तबल्यावरचे उस्ताद अल्लारखाँ पुन्हा पुन्हा तेच बजावत राहिले : सगळ्या मात्रा सारख्या आहेत. अखेर ग्लास यांनी रेघाच काढून टाकल्या. छोट्या गटांच्या पुनरावृत्तीतून मोठं आवर्तन उभं राहतं ही जाण तिथून आली, आणि त्यांनी आपल्या जुन्या रचना बाजूला ठेवल्या. म्हणजे हातात असलेलं तयार भांडवल त्यांनी स्वतःच मोडलं.

१९६७ : काय हातात होतं, काय नव्हतं

भारतात फिरून १९६७ मध्ये ते न्यूयॉर्कला परतले. वय तीस. पत्नी जोअॅन अकालाइटिस नाटकवाल्या. १९६८ मध्ये मुलगी झाली, १९७१ मध्ये मुलगा. नव्या पद्धतीने लिहिलेलं संगीत कोणताही वाद्यवृंद वाजवणार नव्हता. विद्यापीठांतल्या संगीत विभागांवर तेव्हा अगदी वेगळ्या, गणिती शिस्तीच्या संगीताची सत्ता होती. ग्लास यांचं काम त्या मंडळींना पोरकट वाटे.

समोर तीन पर्याय होते. शिकवण्याची नोकरी धरायची आणि उरलेल्या वेळात लिहायचं. किंवा मान्य शैलीत लिहून अनुदानं मिळवत राहायचं, जे त्यांना उत्तम जमत होतं. किंवा नवं संगीत चालू ठेवून त्याची सगळी व्यवस्था, वादक, जागा, श्रोते, पैसे, हे सगळं स्वतः उभं करायचं. त्यांनी तिसरा पर्याय घेतला. तो धाडसी होता असं म्हटलं जातं. मला तो जरा हिशेबी वाटतो, आणि हे मी कौतुकाने म्हणतोय. पहिल्या दोन पर्यायांत दुसऱ्याच्या होकाराची वाट पाहावी लागली असती. तिसऱ्यात फक्त पैशांची सोय बघायची होती, आणि ती अंगमेहनतीने होण्यासारखी होती.

समूह, आणि कुलूपबंद संहिता

१९६८ पासून त्यांनी आपला वादकसमूह बांधायला घेतला. विजेवर चालणारे ऑर्गन, सॅक्सोफोन, बासरी, पुढे एक गायिका, आणि ध्वनियंत्रणा सांभाळणारे कर्ट मुनकाची, ज्यांना समूहाचे पूर्ण सभासद मानलं जाई. ही रचना सोयीची होती. सगळा पसारा एका गाडीत मावायचा आणि सभागृह नसलं तरी वाजवता यायचं. शास्त्रीय संगीताची सभागृहं बंद होती, पण चित्रकार-शिल्पकारांची दारं उघडी होती. न्यूयॉर्कच्या सोहो भागातले ओस पडलेले कारखाने कलावंतांनी राहायला घेतले होते. तिथल्या मोठ्या खोल्यांत, गॅलऱ्यांत, लोक जमिनीवर बसून ऐकत. १९६९ मध्ये व्हिटनी संग्रहालयात आणि १९७० मध्ये गुगेनहाइममध्ये कार्यक्रम झाले. दोन्ही चित्रशिल्पांची संग्रहालयं आहेत. संगीतवाल्यांनी ज्याला दार लावलं त्याला शेजारच्या कलेने घरात घेतलं, असं कलेच्या इतिहासात वरचेवर होतं. नवा पदवीधर मात्र आपल्याच क्षेत्राच्या दारात ताटकळत बसतो.

आता या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा निर्णय. ग्लास यांनी समूहासाठी लिहिलेल्या रचनांच्या संहिता, म्हणजे स्वरलेखनाच्या प्रती, छापायला दिल्या नाहीत. कुणालाही त्या वाजवायच्या असतील तर मिळत नसत. नव्या संगीतकाराची तऱ्हा उलटी असते. कुणीतरी, कुठेतरी, फुकट का होईना, आपलं वाजवावं म्हणून तो प्रती वाटत सुटतो. ग्लास यांचा तर्क साधा होता. हे संगीत ऐकायचं असेल तर आमच्याच समूहाला बोलवावं लागलं पाहिजे. संगीताचं नाव जसं वाढेल तसं समूहाचं काम वाढेल. आणि काम वाढलं तर तेच वादक टिकून राहतील, ज्यांनी ते अवघड वाजवणं वर्षानुवर्षं अंगवळणी पाडलंय.

त्याच हिशेबाने १९७१ मध्ये चॅटम स्क्वेअर नावाने स्वतःची रेकॉर्ड काढण्याची सोयही झाली. पुढे डनव्हेगन ही स्वतःची प्रकाशन संस्था आली. त्यामागचं गणित माहीत नसेल तर सांगतो. अमेरिकेत एखादी रचना जाहीरपणे वाजली की तिच्या प्रयोगहक्काच्या रकमेचे दोन भाग होतात : निम्मा रचनाकाराचा, निम्मा प्रकाशकाचा. तरुणपणी नाव छापून यावं म्हणून प्रकाशकाशी करार केला की तो निम्मा भाग गेला, बहुधा कायमचा. प्रकाशन आपलंच असलं की दोन्ही भाग घरात. पहिल्या दहा वर्षांत ही रक्कम चिल्लर असते, म्हणूनच ती सोडून देणं सोपं वाटतं.

कामं कशी निवडली

पोटाच्या कामांकडे येऊ. संगीतकार स्टीव्ह राइश यांच्यासोबत त्यांनी चेल्सी लाइट मूव्हिंग नावाने सामान हलवण्याचा धंदा चालवला. शिल्पकार रिचर्ड सेरा यांचे ते मदतनीस होते. शिशाचे अवजड पत्रे उचलायचे, टेकवायचे. मग नळजोडणी. १९७०च्या दशकात टॅक्सी.

या सगळ्यांत समान काय आहे ते पाहा. एकाही कामाचा संगीताशी संबंध नाही. एकातही बढती नाही, म्हणजे बढतीचा मोहही नाही. समूहाचा दौरा ठरला की तीन आठवडे गायब होता येतं आणि परत आल्यावर काम पुन्हा मिळतं. डोकं दुसऱ्याच्या सर्जनशील कामात खर्ची पडत नाही. 'आपल्या क्षेत्राशी निगडित' नोकरी धरावी, असा सल्ला पदवीधरांना सर्रास दिला जातो : लेखकाने जाहिरात संस्थेत जावं, चित्रकाराने डिझाइन कंपनीत, संगीतकाराने शिकवण्या घ्याव्यात. काहींना ते मानवतंही. पण अशा नोकरीत जी शक्ती विकली जाते तीच संध्याकाळी स्वतःच्या कामाला हवी असते, आणि तेव्हा ती उरलेली नसते. ग्लास यांनी पाठ आणि हात विकले. कान विकले नाहीत.

टॅक्सीचं वेळापत्रक असं : दुपारी गॅरेजमधून गाडी घ्यायची, मध्यरात्रीनंतर एक-दीड वाजेपर्यंत चालवायची, घरी येऊन पहाटेपर्यंत लिहायचं, मुलांना शाळेत सोडायचं आणि मग झोपायचं. रोज नाही, आठवड्यातल्या मोजक्याच रात्री. गाडी गॅरेजची होती, म्हणजे तिचा विमा, दुरुस्ती, हप्ता यांतलं काहीच चालकाच्या डोक्यावर नाही. हा तपशील लहान दिसतो, पण आज ॲपवर गाडी चालवणाऱ्याशी तुलना करताना तोच आडवा येतो. आज गाडीचं कर्ज चालकाचं असतं आणि कर्ज असलं की तीन आठवडे गायब होता येत नाही. वरवर तेच काम, आतून मोकळीक गेलेली.

नळजोडणीच्या काळातला एक किस्सा ग्लास यांनीच सांगितला आहे. सोहोतल्या एका घरात ते भांडी धुण्याचं यंत्र बसवत होते. घरमालक म्हणजे 'टाइम' साप्ताहिकाचे कलासमीक्षक रॉबर्ट ह्यूज. त्यांनी ओळखलं आणि थक्क होऊन विचारलं, तुम्ही इथे काय करताय? ग्लास यांचं उत्तर असं की यंत्र बसवतोय, आणि थोडा वेळ बाहेर थांबलात तर लवकर उरकेल. पण तुम्ही तर कलावंत, असं ह्यूज म्हणाले, तर हे म्हणाले, आहे ना, अधूनमधून नळवालाही आहे. किस्सा मजेदार आहे, पण पेच ह्यूज यांचा होता, ग्लास यांचा नव्हता. कलावंताने दुसरं काम केलं तर ते अपयश, ही समजूत बहुधा बाहेरच्यांची असते. पंचवीस वर्षांच्या पोराला ती नातेवाइकांकडून आयती मिळते.

भरलेलं सभागृह आणि कर्ज

१९७६ साली रॉबर्ट विल्सन या रंगकर्मीबरोबर केलेला 'आइनस्टाइन ऑन द बीच' हा ऑपेरा २५ जुलैला फ्रान्समधल्या आविन्यों महोत्सवात उभा राहिला. जवळपास पाच तास, मध्यंतर नाही, गोष्टही नाही. युरोपभर प्रयोग झाले. मग २१ आणि २८ नोव्हेंबर, असे दोन रविवार न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये. सुमारे ३,८०० आसनांचं सभागृह, दोन्ही प्रयोगांना तुडुंब. आणि हिशेब मिटवल्यावर या दोघांच्या माथ्यावर एक लाख डॉलरच्या आसपास कर्ज.

गर्दी आणि तोटा एकत्र कसे, हे कळलं नाही तर या प्रकरणातून चुकीचाच धडा निघेल. ऑपेराच्या खर्चाला वरची मर्यादा नसते : नट, गायक, वादक, रंगमंच कामगार, प्रकाशयोजना, समुद्रापार वाहून न्यायचं नेपथ्य, सगळ्यांची हॉटेलं. उत्पन्नाला मात्र आसनसंख्येची भिंत असते. एकही खुर्ची रिकामी नाही म्हणजे याहून एक डॉलरही जास्त येणार नाही. म्हणूनच मोठी ऑपेरागृहं देणग्यांवर किंवा सरकारी पैशावर चालतात. युरोपातल्या संस्थांनी दिलेल्या रकमाही प्रयोगाच्या खर्चाला पुरल्या नव्हत्या. हा तोटा विल्सन आणि ग्लास यांनी अंगावर घेतला, कारण ते घेणारं दुसरं कुणी नव्हतं.

मेट्रोपॉलिटनमधल्या प्रयोगांनंतर ग्लास पुन्हा टॅक्सी चालवू लागले. एका बाईने गाडीत लावलेल्या परवान्यावरचं नाव वाचलं आणि म्हणाली, तरुण माणसा, एका फार प्रसिद्ध संगीतकाराचं नाव तुला मिळालंय, ठाऊक आहे का?

नोव्हेंबर १९७६ ते १९७८ हा टप्पा मला या अकरा वर्षांचा कणा वाटतो. नाव झालं होतं, पैसा आला नव्हता, देणेकरी दारात होते. अशा वेळी कलावंत मिळेल त्या किमतीला हक्क विकून मोकळा होतो, कुणी हिणवत नाही उलट शहाणा म्हणतात. ग्लास यांच्याकडे ज्या रात्री केलं त्या रात्री रोकड देणारं एक कंटाळवाणं काम होतं. त्या कामामुळे त्यांना थांबणं परवडलं. नावाचं रूपांतर पैशात व्हायला वेळ लागतो. तेवढा वेळ तग धरण्याची सोय ज्याच्याकडे नसते त्याचं नाव दुसऱ्याच कुणाला पैसे मिळवून देतं.

थांबल्याचं फळ आलं. नेदरलँड्सच्या ऑपेरा कंपनीच्या प्रमुखांनी 'आइनस्टाइन' पाहून विचारणा केली होती की आता खराखुरा ऑपेरा लिहाल का, म्हणजे वाद्यवृंद, समूहगायन, प्रशिक्षित गायक घेऊन. त्यातून 'सत्याग्रह' ठरला : दक्षिण आफ्रिकेतले गांधी, आणि गायला भगवद्गीतेतले संस्कृत श्लोक. १९७८ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनची मदतही मिळाली. टॅक्सी सुटली ती इथे. ५ सप्टेंबर १९८० ला रॉटरडॅममध्ये पहिला प्रयोग झाला. या वेळी वाद्यवृंदाचा, रंगमंचाचा, तालमींचा भार संस्थेवर होता. आणि संगीत प्रथमच इतक्या मोठ्या प्रमाणावर समूहाबाहेरच्या वादकांनी वाजवायचं होतं. दहा वर्षं लावलेलं कुलूप त्यांनी आपल्या अटींवर उघडलं.

यातलं काय लागू पडत नाही

पहिली गोष्ट घरभाड्याची. त्या काळी न्यूयॉर्कचा तो भाग ओसाड होता. शहर १९७५ मध्ये दिवाळखोरीच्या कडेला आलं होतं. १९७१ मध्ये सोहोत कलावंतांना कायदेशीरपणे राहायची मुभा मिळाली. आठवड्यातल्या काही रात्री टॅक्सी चालवून कुटुंबाचं भागत असे, ते या भाड्यांमुळे. आज कोणत्याही मोठ्या शहरात हे गणित बसवून पाहावं. बहुतेक ठिकाणी काम तिप्पट करावं लागेल आणि लिहायला रात्र उरणार नाही. त्यात आजचा पदवीधर पुष्कळदा शिक्षणाचं कर्ज घेऊन बाहेर पडलेला असतो.

दुसरी गोष्ट, यशस्वी माणसाचं प्रकरण वाचताना नेहमी फसगत होते. याच निवडी करून, याच गल्ल्यांत, चांगलं काम करून ज्यांची नावं कुणाला माहीत नाहीत अशी माणसं होती. त्यांची प्रकरणं लिहिली जात नाहीत. ग्लास यांच्या निवडींनी यश आणलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी एवढंच केलं की दहा-अकरा वर्षं त्यांना खेळात ठेवलं, आणि हक्क हातातून जाऊ दिले नाहीत. बाकी काम संगीताने केलं, आणि थोडं नशिबाने.

तिसरी गोष्ट किमतीची. ग्लास आणि अकालाइटिस यांचं लग्न टिकलं नाही. कारणांत शिरायचा आपल्याला अधिकार नाही. पण पहाटेपर्यंत लिहिणारा एक माणूस घरात असतो तेव्हा घराचा उरलेला भार दुसऱ्या कुणावर तरी पडतो, आणि ती दुसरी व्यक्तीही कलावंतच होती.

आणि समूहाचं काय? जॉन गिब्सन, डिकी लँड्री हे नुसते वादक नव्हते, दोघं स्वतः रचना करत. समूहाच्या मक्तेदारीचा फायदा त्यांना कामाच्या रूपात मिळाला, हे खरं. मायकल रीझमन १९७४ मध्ये आले आणि १९७६ पासून समूहाचे संगीत दिग्दर्शक झाले. एवढी वर्षं टिकणारं काम फार थोड्या वादकांच्या वाट्याला येतं. पण रचनांची मालकी एकाची होती, आणि त्या रचना ज्यांच्या बोटांनी घडत गेल्या त्यांचा हिशेब प्रयोगागणिक मिटत होता. इथे मी ग्लास यांना दोष देत नाही, रचना त्यांचीच होती. तरी आज चार मित्र मिळून नाटकाचा गट, बँड किंवा ॲनिमेशनचा स्टुडिओ काढत असतील, तर रचना कुणाच्या नावावर, ध्वनिमुद्रणात किंवा चित्रीकरणात कुणाचा किती वाटा, आणि गट फुटला तर नाव कुणाकडे राहणार, हे पहिल्या प्रयोगाच्या आधी कागदावर घ्यावं. तेव्हा वाटून घ्यायला काहीच नसतं, म्हणून भांडणही होत नाही.